गावविहिरींची नावं यादीतून काढू नका : ग्रामपंचायतीला खुले पत्र

प्रति,
सरपंच वहिनी, उपसरपंच दादा, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मासिक सभेत तुम्ही दोन ठराव मंजूर केले. नळपाणी योजना सुरू झाली म्हणून गावातल्या तिन्ही सार्वजनिक विहिरी पिण्याच्या पाण्याच्या यादीतून वगळायच्या, हा एक. आणि गावचा कचरा टाकायला ओढ्याच्या अंगाला गायरानात जागा नेमायची, हा दुसरा. दोन ठराव दोन वेगळ्या विषयांखाली आले, पण जागेवर जाऊन बघितलं तर ते एकाच ठिकाणी येऊन मिळतात. नेमलेली जागा मोठ्या विहिरीपासून साठ-सत्तर पावलांवर आहे, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. पावसाचं पाणी तिथून खाली विहिरीकडंच येतं. हे पत्र मी कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. पण विषय सगळ्यांच्या पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे, म्हणून ते सगळ्यांसमोर ठेवते आहे.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. करवीर तालुक्यात कोल्हापूर शहराला लागून असलेल्या कितीतरी गावांत आज हेच चाललंय. मला कुणाची बदनामी करायची नाही. विहिरी राखायच्या आहेत.

मी या गावची सून. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायला गावोगावच्या पाच-पाच बायकांना शिकवलं, त्यातली मी एक. तपासणी किटची पेटी आमच्या घरात फळीवर असते. आमची वस्ती योजनेच्या पाइपलाइनच्या अगदी शेवटाला आहे. नळाला पाणी येतं तेव्हा खालच्या गल्लीतल्या घागरी भरून होईपर्यंत आमच्याकडं नुसती हवा येते. त्यामुळं आम्ही आजही मोठ्या विहिरीचं पाणी पितो. माझ्या जावेला सातवा महिना चालू आहे, तीही तेच पिते. ‘विहिरी पिण्यासाठी वापरात नाहीत’ असं ठरावात लिहिलंय. ते लिहिण्याआधी आमच्या वस्तीवर कुणी विचारायला आलं नव्हतं.

जून महिन्यात, मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, मी शाळेमागच्या आडाचं पाणी तपासलं. एचटूएसची छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि घरात उबेला ठेवून द्यायची. पाण्यात मैल्यातले जंतू असले तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बाटली काळी पडते. माझी बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच डांबरासारखी काळी झाली होती. मी ती फडक्यात गुंडाळून कार्यालयात आणली, टेबलावर ठेवली. मला सांगण्यात आलं, “वैनी, हे सगळीकडं दाखवत फिरू नका, लोक उगाच घाबरतील.” नंतर त्या आडात जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली गेली, पण एकदाच. पाणी पुन्हा तपासलं का, प्रयोगशाळेत पाठवलं का, याची नोंद मला वहीत सापडली नाही. आडाच्या पाण्यावर अंगणवाडीची खिचडी शिजते. नळाला पाणी नसेल त्या दिवशी मुलं पितात तेही तेच.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार त्या ‘वापरात नाहीत’ या शब्दांबद्दल. आमची वस्ती सांगितली. तिच्याशिवाय, वीज गेली की अर्धं गाव घागरी घेऊन विहिरीवर येतं, हे तुम्हीही बघता. ऊस सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि विहिरीच्या पलीकडच्या रानात खोपी घालतात. हंगाम संपेपर्यंत त्यांचं पिणं, रांधणं, लेकरांच्या अंघोळी सगळं त्या विहिरीवर. गेल्या हंगामात त्यांच्यातली लहान पोरं जुलाबानं बेजार होती. दवाखान्यात नेलं तर दिवसाचा कोयता, म्हणजे मजुरी, बुडते, म्हणून बायका त्यांना साखर-मिठाचं पाणी पाजत बसल्या. त्यांचं नाव इथल्या मतदार यादीत नाही आणि आपल्या पाणीपट्टीच्या वहीतही नाही. पण ऊस तेच तोडतात, आणि त्या उसावर गावचे संसार चालतात. विहीर यादीतून गेली तर सगळ्यात आधी फटका बसेल तो या माणसांना.

आणि महापूर? 2019 आणि 2021 विसरायला अजून फार वर्षं झालेली नाहीत. शहराचे शिंगणापूर आणि बालिंग्याचे उपसा पंप पाण्यात गेले, नळ बंद पडले. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, टँकर यायला रस्ता उरला नाही. आपल्या योजनेचं पाणी उपसायचं जॅकवेल नदीकाठीच आहे. तेही बुडालं. मोठी विहीर गावाच्या उंचवट्यावर असल्यानं तेवढी वाचली आणि त्या दिवसांत गावानं तिचंच पाणी प्यायलं. योजना मोठी असो की छोटी, नदीवरची आहे तोवर पूर आला की ती बंद पडणार. राखीव पाणी म्हणून आपल्याकडं या तीन विहिरी आहेत, दुसरं काही नाही. आणि राखीव पाणी पूर आल्यावर स्वच्छ करता येत नाही, ते वर्षभर स्वच्छ ठेवावं लागतं.

दुसरी तक्रार टीसीएल पावडरीची. हे काम किती लहान आहे ते लोकांना कळावं म्हणून हिशेब मांडते. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यायची. व्यासाला व्यासानं गुणायचं, मग खोलीनं, मग 785 नं, की पाण्याचे लिटर मिळतात. मोठी विहीर पाच मीटर रुंद आहे. त्यात चार मीटर पाणी असेल तर ते साडेअठ्ठ्याहत्तर हजार लिटर झालं. हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम धरली तर एका वेळेला लागते जेमतेम दोनशे ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत खोलवर सोडून ढवळायचं. तासाभरानं ओटी टेस्ट घ्यायची, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरला पाहिजे. गावाला न परवडण्यासारखं यात काही नाही.

मग अडतं कुठं? पावडरीचं पोतं पंपहाऊसच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवून पडलेलं असतं. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. दमट हवा लागली की तो उडून जातो आणि मागं चुना राहतो. पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा आपण विहिरीत चुना टाकत असतो. यात पाणी सोडणाऱ्या भावाला मी दोष देत नाही. वॉल्व्ह फिरवणं, गळती काढणं, पाणीपट्टीच्या पावत्या वाटणं आणि वर हे काम, सगळं एकट्यानं करतो, आणि त्याचा पगारही वेळेवर होत नाही. जलसुरक्षक म्हणून त्याचं नाव कागदावर आहे, पण काम शिकायला त्याला पाठवलं कधी, हेही सांगा.

तिसरी तक्रार संडासांच्या खड्ड्यांची. ही मला सगळ्यात गंभीर वाटते. गेल्या काही वर्षांत विहिरीच्या भोवतीच्या मळ्यांचे प्लॉट पडले. शहर जवळ, म्हणून घरं भराभर उठली. घर तिथं संडास झाला, चांगलंच झालं. पण बऱ्याच टाक्यांना तळच नाही. चार बाजूंनी रिंगा किंवा विटा, खाली मोकळी जमीन. “टाकी भरतच नाही, उपसायचा खर्च नाही,” असं लोक समाधानानं सांगतात. मग त्यातलं जातं कुठं? आपल्या जमिनीखाली मुरूम आहे आणि त्याखाली काळा पाषाण. या दगडात पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाहतं. वाळूतून झिरपताना गाळलं जातं तसं ते इथं गाळलं जात नाही. खड्ड्यातली घाण भेगेला लागली की ती पार विहिरीच्या झऱ्यापर्यंत जाऊ शकते. मैल्याचा खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब असावा, असं आरोग्य खात्याच्या माणसांनी आम्हाला शिकवलं. भेगाळ दगडात तेवढं अंतरही पुरेलच असं नाही. आपल्याकडं तेवढंसुद्धा पाळलेलं नाही. शाळेमागच्या आडाला सगळ्यात जवळचा खड्डा मी दोरीनं मोजला, नऊ मीटर भरला. भूजल कायद्यानं सार्वजनिक पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घातलंय. शेतकऱ्याला पाण्यासाठी विहीर पाडायची तर अडवतो आपण, आणि मैल्याच्या खड्ड्याला बांधकामाच्या परवानगीवर सही करून देतो.

2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. आपल्या जिल्ह्यात, आपल्याच पंचगंगेच्या काठी. माणसं दगावली. ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरते आणि गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. मी माझ्या जावेचा उल्लेख वर केला तो यासाठी. गावात आज किती बायका दिवस गेलेल्या आहेत याची यादी आशाताईंकडं आहे. ती बघून मग ठराव वाचा.

चौथी तक्रार रानातल्या औषधांची. विहिरीच्या कट्ट्यावर फवारणीचे पंप धुतले जातात. तणनाशकाचे रिकामे डबे तिथंच बुचकळून काढतात आणि काही तर झुडपात फेकून देतात. उसाला टाकलेला युरिया पावसाबरोबर खाली उतरतो, त्याचं नायट्रेट होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं भारतीय मानक सांगतं. ते वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्तातली ऑक्सिजन नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. हे आयाबायांनी नीट लक्षात ठेवावं : पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उकळून पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. आपल्या विहिरींची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली, तिचा अहवाल मला मागूनही मिळालेला नाही.

रात्री सेप्टिक टँक उपसणारे टँकर ओढ्यात रिकामे होतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यावर फार लिहीत नाही. सार्वजनिक पाण्याची जागा घाण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 279 खाली गुन्हा आहे. एक तक्रार तरी पोलीस ठाण्यात जाऊ द्या.

आता कचऱ्याच्या जागेबद्दल. 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की कचरा भरावाची जागा पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून 200 मीटर लांब हवी. हे नियम शहरांसाठी आहेत, असं सभेत कुणीतरी म्हणालं म्हणे. शहरातल्या माणसाच्या विहिरीला 200 मीटर आणि गावातल्या माणसाच्या विहिरीला साठ पावलं, हा हिशेब मला मान्य नाही. आपला कचरा आता पूर्वीसारखा शेणामातीचा राहिलेला नाही. त्यात लहान मुलांचे डायपर आहेत, पॅड आहेत, बॅटऱ्या आहेत, कोंबडीच्या दुकानांतली घाण आहे. चार महिने पाऊस त्यावर पडत राहणार आणि त्यातून निघणारं काळं पाणी उताराला लागून विहिरीकडं येणार. कचऱ्याला जागा हवी, हे मलाही कळतं. आज तो कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवला जातो, तेही बरं नाही. पण जागा शोधताना पहिला प्रश्न ‘पाणी कुठं वाहतं’ हा हवा होता.

गौरी-गणपती तोंडावर आले आहेत. पंचगंगेत विसर्जन नको म्हणून मूर्तिदान आणि निर्माल्यदान या जिल्ह्यातल्या लोकांनी उचलून धरलं, बाहेरच्यांनी त्याचं कौतुक केलं. आपल्या गावात मात्र घरगुती गणपती अजून मोठ्या विहिरीत जातात. प्लास्टर आणि रंग तळाला साठतो, हारफुलं कुजतात. विहिरीचा गाळ कधी काढला होता ते आठवणारी माणसंही आता कमी राहिली.

यादीतून नाव काढण्यानं नेमकं काय होतं, हे लोकांना समजलं पाहिजे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य खातं गावातल्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. यादीत नसलेल्या विहिरीची पाहणी होत नाही, तिचे नमुने जात नाहीत, तिच्यासाठी पावडर निघत नाही. म्हणजे कार्ड हिरवं राहील आणि पाणी आहे तसंच घाण राहील. ठराव याच हेतूनं केला असं मी म्हणत नाही. पण परिणाम हाच होणार आहे.

तुम्ही गावासाठी काही केलं नाही असंही माझं म्हणणं नाही. सरपंच वहिनी, टाकीच्या जागेसाठी तुम्ही तालुक्याला किती खेपा घातल्या ते मी बघितलंय. योजना झाली ती तुमच्या चिकाटीमुळं. म्हणूनच हे हक्कानं लिहिते आहे. नळ आला म्हणजे विहीर सोडून द्यायची, ही समजूत तेवढी काढून टाका. शहराचंच बघा. नदी नासल्यावर कोल्हापूरला काळम्मावाडीहून थेट पाइपलाइन आणावी लागली. लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठं 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोचलं. एकदा पाणी हातचं गेलं की ते परत मिळवायला एवढं सगळं करावं लागतं. आपल्यासारख्या गावाला कोण कुठून पाइपलाइन आणून देणार?

1919 साली शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुले करण्याचे हुकूम काढले. कुणाची घागर पाण्याला लागायची आणि कुणाची नाही, हा प्रश्न त्यांनी राजा म्हणून आपल्या अंगावर घेतला. त्या विहिरीवर सगळ्यांचा हक्क आहे, हे आपण तेव्हापासून मानत आलो. पाणीच पिण्यालायक राहिलं नाही तर त्या हक्कात काय उरलं? ज्यांच्याकडं बोअर आहे, ज्यांना फिल्टर परवडतो, ज्यांच्या दारात पाण्याचे जार येतात, त्यांचं भागेल. बाकीचे पुन्हा बाहेरच राहिले.

माझ्या मागण्या अशा आहेत.

विहिरी वगळण्याचा आणि कचऱ्याच्या जागेचा, दोन्ही ठराव रद्द करावेत. कचऱ्यासाठी नवी जागा ठरवताना भूजल खात्याच्या माणसाला सोबत घेऊन पाण्याचा उतार बघावा. ओला कचरा घरोघरच्या उकिरड्यात जिरवला तर टाकायला उरतो तो निम्माही नसतो, त्याची सुरुवात आम्ही बचत गटाच्या बायका करून देऊ.

तिन्ही विहिरींच्या पाण्याची जैविक आणि रासायनिक तपासणी या पावसाळ्यातच शासकीय प्रयोगशाळेतून करून घ्यावी. अहवाल कपाटात न ठेवता विहिरीवरच फलक लावून त्यावर लिहावा : तारीख, निकाल, पावडर कधी टाकली, ओटी टेस्ट आली का. शाळेमागच्या आडाचं पाणी तोवर पिऊ नये, असा फलक आजच लावावा आणि अंगणवाडीला रोज टाकीचं पाणी पोचवावं. हे आजचं काम आहे, ठरावाची वाट बघू नये.

विहिरींची डागडुजी करावी. मोठ्या विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळलाय, तो कमरेएवढा उंच बांधावा. भोवती सिमेंटचा कट्टा, सांडलेलं पाणी लांब नेणारी गटार, वर जाळी. आतलं बांधकाम किमान वीस फूट खोलीपर्यंत गिलावा करून बंद करावं, म्हणजे वरवरचं घाण पाणी आत झिरपणार नाही. कपडे आणि पंप धुवायला खालच्या अंगाला वेगळा धोबीघाट करून द्यावा. तो नसला तर नुसती मनाई करून कुणी ऐकणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत पिण्याच्या पाण्याचा हिस्सा ठरवून दिलेला होता. आपल्याला किती आला आणि कशावर खर्ची पडला, ते ग्रामसभेत वाचून दाखवावं.

विहिरींभोवतीच्या सगळ्या संडास-टाक्यांची पाहणी करावी. तळ नसलेल्या टाक्यांना तळ घालायला मुदत द्यावी, ज्यांची ऐपत नाही त्यांना मदत द्यावी. यापुढं विहिरीजवळ अशा टाकीसह बांधकामाला परवानगी देऊ नये.

ऊस सुरू होण्याआधी टोळ्यांच्या खोपींजवळ एक नळकोंडाळं आणि फिरते संडास उभे करावेत. खर्चाचा वाटा ऊस नेणाऱ्यांकडून मागावा, मागायला आम्ही बरोबर येऊ. गणपतीसाठी यंदा दोन काहिली किंवा सिमेंटचा कुंड पुरे. आरती आम्ही तिथं करू.

शेवटची मागणी ग्रामसभेची. हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘ऐनवेळचे विषय’ यात न ढकलता स्वतंत्र क्रमांकानं घ्यावा. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती सह्यांच्या वहीपुरती न होता खरोखर भरवावी, दुपारी, बायकांना वेळ असतो तेव्हा. मी किट घेऊन येईन आणि तिन्ही विहिरींचं पाणी सगळ्यांसमोर तपासेन. बाटल्या कार्यालयातच, तुमच्या टेबलावर ठेवूया, आणि दोन दिवसांनी सगळे मिळून बघूया.

या पत्राचं उत्तर मला पंधरा दिवसांत लेखी द्यावं. ते आलं नाही तर हेच पत्र बाटल्यांच्या फोटोंसह गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्याकडं जाईल. वस्तीवरच्या सत्तेचाळीस घरांनी खाली सह्या केल्या आहेत, मूळ प्रत कार्यालयात दिली आहे.

आपली,
गाव पाणी तपासणी गटातली एक सदस्य
ता. करवीर, जि. कोल्हापूर